आकारामागचे बळ शोधणारा प्राध्यापक

१९४७ च्या जानेवारी महिन्यात दिल्लीत इंडियन सायन्स काँग्रेसचे अधिवेशन भरले होते. अध्यक्ष होते पंडित जवाहरलाल नेहरू. स्वातंत्र्य उंबरठ्यावर येऊन ठेपले होते आणि नव्या देशाच्या विज्ञानाकडे जगाचे लक्ष होते. परदेशांतून आलेल्या पाहुण्यांत एक ८६ वर्षांचे स्कॉटिश गृहस्थ होते. उंचेपुरे, भरदार अंगाचे, छातीवर रुळणारी पांढरीशुभ्र दाढी. त्या वयात आणि महायुद्धानंतरच्या त्या ओढाताणीच्या दिवसांत इतका लांबचा प्रवास करायचा म्हणजे धाडसच. त्यांचे नाव सर डार्सी वेंटवर्थ थॉम्पसन.

आज जीवशास्त्रात एक शाखा चांगलीच फोफावली आहे. आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीच्या आत प्रथिनांच्या तंतूंचा एक सांगाडा असतो. पेशी ओढली, दाबली किंवा तिच्यावरून रक्ताचा प्रवाह घासत गेला, की ती हा सांगाडा मोडून नव्या दिशेने पुन्हा बांधते. या अभ्यासात गुंतलेली मंडळी आपल्या विषयाचा मूळपुरुष म्हणून ज्यांचे नाव आदराने घेतात ते हेच थॉम्पसन. गंमत अशी, की त्यांनी पेशीचा सांगाडा कधी पाहिलाच नव्हता. त्याचे तुकडे हाती लागू लागले तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते, आणि शोध लावणारे शत्रुपक्षाच्या देशात होते. तरीही जिवंत वस्तूचा आकार समजून घ्यायचा तर तिच्यावर कुठून किती जोर पडतो हे आधी बघा, असे हा माणूस अर्धे शतक सांगत राहिला. बहुतेकांनी ते कौतुकाने ऐकले आणि बाजूला ठेवून दिले.

डार्सीचा जन्म २ मे १८६० रोजी एडिंबरा येथे झाला. आई बाळंतपणानंतर काही दिवसांतच गेली. वडील ग्रीक आणि लॅटिनचे नाणावलेले शिक्षक. पुढे त्यांना आयर्लंडमधल्या गॉलवे येथे ग्रीकचे प्राध्यापकपद मिळाले आणि पोर आजोळी राहिले. आजोबा जोसेफ गॅमजी पशुवैद्य होते. म्हणजे एका बाजूला होमर आणि अ‍ॅरिस्टॉटल, दुसऱ्या बाजूला घोड्यांची हाडे आणि गुरांची दुखणी. आईविना वाढलेल्या या मुलाने दोन्ही वारसे उचलले आणि शेवटपर्यंत सोडले नाहीत.

एडिंबऱ्यात दोन वर्षे वैद्यक शिकून झाल्यावर १८८० मध्ये तो केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गेला. पैशांची चणचण होती. विद्यार्थिदशेतच त्याने हेरमान म्युलर या जर्मन शास्त्रज्ञाचा फुलांच्या परागीभवनावरचा जाडजूड ग्रंथ इंग्रजीत आणला. त्याला प्रस्तावना लिहून दिली खुद्द चार्ल्स डार्विन यांनी. डार्विन १८८२ मध्ये वारले. पुस्तक १८८३ मध्ये निघाले. डार्विनचा आशीर्वाद घेऊन सुरुवात करणारा हा तरुण पुढे डार्विनवाद्यांशीच वाद घालणार होता.

१८८४ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, थॉम्पसन डंडी येथील नव्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक झाले. डंडी हे तागाच्या गिरण्यांचे गाव. बंगालचा ताग बोटींनी तिथे जायचा, आणि तो मऊ करायला देवमाशाचे तेल लागायचे. म्हणून देवमाशांची शिकार करणारी गलबतेही त्याच बंदरात. थॉम्पसन यांनी या खलाशांशी दोस्ती केली. उत्तरेच्या समुद्रातून परतणारी गलबते त्यांच्यासाठी हाडे, कवट्या आणि नाना प्रकारचे जलचर घेऊन येत, आणि बघता बघता कॉलेजात एक उत्तम संग्रहालय उभे राहिले. गावाजवळच टे नदीवर नव्या रेल्वे पुलाचे काम चालू होते. आधीचा पूल १८७९ च्या डिसेंबरात वादळात कोसळला होता आणि त्याच्याबरोबर उतारूंनी भरलेली आगगाडी नदीत गेली होती. ताण, दाब, वारा आणि लोखंडी तुळया हे त्या गावात केवळ पुस्तकातले शब्द नव्हते.

डंडीत त्यांना एक सहकारी लाभले. पॅट्रिक गेडीस, वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. मुंबईकरांना हे नाव परके वाटू नये. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला तेव्हा त्याचे पहिले प्राध्यापक हेच गेडीस. दोघेही जीवशास्त्राच्या कुंपणात न मावणारे. गेडीस शहरांच्या रचनेकडे वळले, थॉम्पसन प्राण्यांच्या रचनेकडे.

मधली वर्षे मात्र सोपी गेली नाहीत. मोठ्या विद्यापीठांत जागा मिळावी म्हणून थॉम्पसन यांनी पुन्हा पुन्हा अर्ज केले आणि पुन्हा पुन्हा नकार पचवला. त्या काळच्या प्राणिशास्त्रात नाव कमवायचे तर कुठला प्राणी कुठल्या पूर्वजापासून आला याची वंशावळ मांडायची, अशी रीत होती. थॉम्पसन यांचे मन त्यात रमेना. १८९५ मध्ये त्यांनी पुस्तक काढले ते प्राचीन ग्रीक साहित्यातल्या पक्ष्यांच्या नावांचा कोश! मित्रांनी कपाळावर हात मारला असेल तर नवल नाही. १८९६ आणि १८९७ अशी दोन वर्षे ब्रिटिश सरकारने त्यांना बेरिंगच्या समुद्रात धाडले. तिथल्या मऊ लोकरीच्या सीलांची बेसुमार कत्तल होत होती आणि त्यावरून अमेरिका व ब्रिटन यांच्यात तंटा पेटला होता. थॉम्पसन यांनी बेटांवर जाऊन पाहणी केली, वाटाघाटींत भाग घेतला. सीलांना संरक्षण देणारा करार व्हायला १९११ साल उजाडले. मत्स्यव्यवसायाची सरकारी कामेही त्यांच्या मागे लागली ती कायमची. १९०१ मध्ये लग्न झाले, पुढे तीन मुली झाल्या. अ‍ॅरिस्टॉटलच्या प्राणिविषयक ग्रंथाचे त्यांनी केलेले भाषांतर १९१० मध्ये आले आणि ते आजही प्रमाण मानले जाते.

या सगळ्याच्या आड एक विचार मुरत होता. १८९४ मध्येच ऑक्सफर्डला भरलेल्या ब्रिटिश असोसिएशनच्या सभेत त्यांनी डार्विनवादातल्या काही अडचणींवर निबंध वाचला होता. उत्क्रांती त्यांना अमान्य नव्हती. पण दिसेल त्या आकाराला, तो उपयोगी पडला म्हणून टिकला, एवढे उत्तर देऊन मोकळे व्हायचे, हे त्यांना पटत नव्हते. साबणाचा फुगा गोल असतो तो काही गोल फुगे तगून राहिले म्हणून नव्हे. पृष्ठताण त्याला गोल करतो. मग जिथे असले साधे भौतिक कारण सापडते तिथे ते आधी का शोधू नये?

सतरा-अठरा वर्षे हा विचार उराशी बाळगून शेवटी त्यांनी लिहायला घेतले. पहिले महायुद्ध चालू होते. पुस्तक १९१५ पर्यंत जवळपास तयार होते, ते छापून बाहेर पडले १९१७ मध्ये: ‘ऑन ग्रोथ अँड फॉर्म’. वाढ आणि आकार. जवळजवळ आठशे पाने, आणि प्रती छापल्या अवघ्या पाचशे. लेखकाचे वय ५७.

या पुस्तकाची गोडी सांगणे कठीण आहे. त्यात प्राणिशास्त्र आहे, गणित आहे, ग्रीक आणि लॅटिनची पखरण आहे, आणि एखाद्या बहुश्रुत आजोबांनी संध्याकाळी अंगणात बसून सांगाव्यात तशा गोष्टी आहेत. हत्तीचे पाय खांबासारखे का आणि हरणाचे काटकुळे का? कारण उंची दुप्पट झाली की वजन आठपट होते, पण हाडाच्या छेदाचे क्षेत्रफळ चौपटच होते. हे गॅलिलिओने १६३८ मध्येच सांगून ठेवले होते. शंखाची वळी वाढत जाते तरी शंखाचा आकार तोच कसा राहतो? पाण्यात सोडलेला शाईचा थेंब खाली उतरताना जेलीफिशसारखा का दिसतो? पोळ्यातली घरे षट्कोनी आणि साबणाच्या फेसातले बुडबुडेही तसेच एकमेकांना चिकटलेले, हे कसे? एका प्रकरणात त्यांनी माशाचे चित्र चौकटीच्या कागदावर काढले, मग त्या चौकटीच वाकवल्या, आणि काटेरी साळमाशाचा चक्क सूर्यमासा करून दाखवला. हे चित्र इतके गाजले की पुष्कळांना थॉम्पसन म्हटले की तेवढेच आठवते. मला मात्र त्या ग्रंथातले सर्वांत मोलाचे प्रकरण माशांचे वाटत नाही, हाडांचे वाटते. कारण आजच्या पेशीशास्त्राकडे जाणारी वाट तिथून निघते.

मांडीचे हाड उभे कापले तर त्याच्या वरच्या टोकाला, जिथे ते कमरेच्या खोबणीत बसते, आत पावासारखी जाळी दिसते. वरवर पाहता ही जाळी कशीही विणलेली वाटते. १८६६ च्या सुमारास झुरिक येथे हेरमान फॉन मायर हे शरीररचनाशास्त्रज्ञ अशा कापलेल्या हाडांचा अभ्यास करत होते. तिथे एकदा कार्ल कुलमान नावाचे अभियंते आले. ते त्या दिवसांत एका नव्या क्रेनच्या आराखड्यावर काम करत होते. समोरचे हाड पाहून ते थबकले. क्रेनच्या वाकलेल्या मानेत ताणाच्या आणि दाबाच्या ज्या रेषा त्यांनी गणिताने काढल्या होत्या, त्याच त्या हाडात हाडाच्याच बारीक पट्ट्यांनी रेखलेल्या होत्या. वजन टोकाला लटकले की मानेची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते. दोन्ही प्रकारच्या रेषा कमानी करत एकमेकींना काटकोनात छेदतात. मांडीच्या हाडाची मानही अशीच बाजूला झुकलेली, आणि वर धडाचा सगळा भार. निसर्गाने जिथे जोर तिथेच माल घातला होता, बाकीची जागा पोकळ ठेवली होती.

थॉम्पसन यांनी ही गोष्ट रंगवून सांगितली आणि तिथेच न थांबता पुढचा प्रश्न विचारला. पूल बांधणारा अभियंता आधी गणित करतो, मग लोखंड बसवतो. हाडात हे गणित करते कोण? बर्लिनचे शल्यविशारद युलिउस वोल्फ यांनी १८९२ मध्ये दाखवले होते, की मोडलेले हाड वाकडे जुळले आणि भाराची दिशा बदलली तर काही काळाने आतली जाळीही नव्या दिशेने विणली जाते. आपल्याला याचा साधा अनुभव असतो. पाय सहा आठवडे प्लॅस्टरमध्ये राहिला की बारीक होतो. त्यात स्नायू तर झिजतातच, पण काही अंशी हाडही. उलट टेनिसपटूच्या रॅकेट धरणाऱ्या हाताचे हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड भरते. थॉम्पसन यांचे म्हणणे असे, की ताण ही हाडाला होणारी नुसती इजा नव्हे. तो वाढीला मिळणारा हुकूम आहे. जिवंत पदार्थ जोर सोसतो, आणि त्या जोराप्रमाणे स्वतःला बदलतो.

पुढे त्यांनी अख्ख्या जनावराकडे पुलासारखे पाहिले. एडिंबऱ्याजवळचा फोर्थ नदीवरचा लोखंडी पूल १८९० मध्ये सुरू झाला होता. त्याची रचना आपल्याकडच्या हावडा पुलाच्या जातीची. चार पायांवर उभ्या रानरेड्याचा कणा आणि तो पूल त्यांनी शेजारी शेजारी ठेवून तोलला: पुढचे पाय आणि मागचे पाय हे खांब, मान आणि डोके एका बाजूला झुकणारा भार, खांद्यावरच्या मणक्यांचे उंच काटे म्हणजे पुलाच्या सर्वांत उंच तुळया.

हे सारे हाडांपुरते ठीक. पण हाड बांधतात पेशी. पेशीला जोर कळतो कसा? इथे थॉम्पसन अडखळले. त्यांच्या काळच्या सूक्ष्मदर्शकातून पेशीचे आवरण, केंद्रक आणि भोवतीचा पातळसर रस एवढेच नीट दिसे. मग त्यांनी पेशीला थेंब मानले. पृष्ठताणाने गोल होणारा, शेजाऱ्यांना टेकला की चपटा होणारा थेंब. पेशी दुभंगताना तिच्यात दोन टोकांमध्ये तंतूंची चातीसारखी आकृती उमटते. थॉम्पसन यांनी तिची तुलना केली लोहचुंबकाभोवती लोखंडाचा कीस मांडला जातो त्या रेषांशी. तुलना सुंदर होती, पण मुद्दा निसटला होता. त्या नुसत्या बलरेषा नव्हत्या. तिथे खरोखरचे दोर होते. शिन्या इनोउए यांनी १९५३ मध्ये ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाने जिवंत पेशीत ते तंतू दाखवून दिले.

थॉम्पसन यांचे आणखी एक न्यून सांगितले पाहिजे. आनुवंशिकीची एवढी मोठी लाट त्यांच्या डोळ्यांदेखत आली आणि त्यांनी तिच्याकडे जवळजवळ पाठ फिरवली. १९४२ मध्ये, दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, त्यांनी आपल्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती काढली. ती अकराशे पानांवर गेली, उदाहरणे वाढली, पण जनुकांना तिच्यात जागा मिळाली नाही. टीकाकारांनी हा हट्ट म्हटला तर त्यांना दोष देता येणार नाही. जोर कितीही पडला तरी दगड स्वतःला पुन्हा विणत नाही. विणायचे तर आत विणकर हवा, आणि त्याला माल पुरवणारी जनुकेही हवीत.

तो विणकर त्याच साली, १९४२ मध्ये, हंगेरीतल्या सेगेड येथे सापडला. हंगेरी तेव्हा जर्मनीच्या बाजूने युद्धात होती. अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांच्या प्रयोगशाळेत ब्रुनो श्ट्राउब यांनी स्नायूंतून अ‍ॅक्टिन नावाचे प्रथिन वेगळे केले. स्नायू आकसतो तो अ‍ॅक्टिन आणि मायोसिन या जोडीमुळे. युद्धामुळे ही बातमी पश्चिमेकडे पोचायलाच काही वर्षे गेली. आणि तेव्हा सगळ्यांना वाटले, की ही स्नायूंचीच बाब.

थॉम्पसन तोवर सेंट अँड्र्यूजला स्थायिक झाले होते. १९१७ मध्ये पुस्तक निघाले त्याच वर्षी ते तिथे प्राध्यापक म्हणून गेले आणि शेवटपर्यंत राहिले. त्या समुद्रकाठच्या जुन्या गावात, खांद्यावर पोपट घेऊन फिरणारे प्राध्यापक म्हणून पोरेसोरेही त्यांना ओळखत. वर्गात ते कोंबडीचे हाड, दोरा, कागद, जे हाताला लागेल ते घेऊन शिकवत. १९३७ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. ग्रीक-लॅटिनच्या अभ्यासकांनीही त्यांना आपल्या संस्थेचे अध्यक्ष केले. १९४६ मध्ये रॉयल सोसायटीने डार्विन पदक दिले. ज्याने तारुण्यात डार्विनवादावर शंका घेतल्या त्याला डार्विनच्याच नावाचे पदक! दिल्लीहून परतल्यावर मात्र प्रकृती ढासळली ती पुन्हा सावरली नाही. तरी त्याच १९४७ साली त्यांचा ग्रीक माशांचा कोशही प्रसिद्ध झाला. २१ जून १९४८ रोजी ते गेले. चौसष्ट वर्षे प्राध्यापकपदावर राहिलेला हा माणूस निवृत्त असा झालाच नाही.

त्यांच्यामागे पुस्तक कपाटात राहिले. वास्तुविशारद आणि चित्रकार ते वाचत, जीवशास्त्रज्ञ सणासुदीला आठवण काढत. १९५२ मध्ये संगणकाचे जनक अ‍ॅलन ट्युरिंग यांनी सजीवांत नक्षी कशी उमटते यावर एक निबंध लिहिला. त्यात आधार म्हणून दिलेल्या मोजक्या पुस्तकांत थॉम्पसन यांचा ग्रंथ होता. पण रसायनशास्त्राची आणि जनुकांची सद्दी चालू होती. जोर, ताण, दाब हे शब्द अभियंत्यांकडे गेले.

मग १९६३ मध्ये एक तांत्रिक सुधारणा झाली. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवण्याआधी पेशी टिकवून धरण्याचे नवे द्रव्य मिळाले. जुन्या पद्धतीत जे विरघळून जात होते ते आता जागच्या जागी दिसू लागले: पेशीच्या रसातून धावणाऱ्या पोकळ सूक्ष्मनलिका. १९६९ पर्यंत हेही उघड झाले, की अ‍ॅक्टिन फक्त स्नायूंत नसते. त्वचा, कूर्चा, आतडे, जिथे पाहावे तिथे ते आहे. पेशी म्हणजे रसाचा थेंब नव्हता. आत मांडव घातलेला होता.

मांडव हा शब्द मुद्दाम वापरतो. मांडवात बांबू दाब सोसतात आणि दोर ताण सोसतात. पेशीत ढोबळमानाने सूक्ष्मनलिका बांबूंचे काम करतात आणि अ‍ॅक्टिनचे धागे दोरांचे. मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे नॅनोमीटर. अ‍ॅक्टिनचा धागा जाडीला सुमारे ७ नॅनोमीटर, नलिका २५. आणखी एक तिसरा प्रकार आहे, मधल्या जाडीचा आणि चिवट. फरक एवढाच, की आपला मांडव एकदा बांधला की लग्न होईपर्यंत तसाच राहतो. पेशीचा मांडव सतत सुटतो आणि सतत बांधला जातो. अ‍ॅक्टिनच्या धाग्याला एका टोकाला मणी जोडले जात असतात, दुसऱ्या टोकाने गळत असतात.

जोर कळतो तो पाय रोवलेल्या जागी. पेशी ज्या पृष्ठभागावर बसते त्याला ती आवरणातून आरपार गेलेल्या इंटिग्रिन नावाच्या प्रथिनांनी धरते. त्यांच्या आतल्या टोकाला टॅलिन असते आणि टॅलिनला अ‍ॅक्टिनचे दोर बांधलेले असतात. दोर ओढला गेला की टॅलिनची घडी उलगडते आणि आत दडलेल्या खुंट्या उघड्या पडतात. त्यांना दुसरे एक प्रथिन येऊन चिकटते, ते आणखी दोर आणून बांधते. रस्सीखेच खेळताना पलीकडून ओढ वाढली की आपल्या बाजूने आणखी चार गडी धावत येऊन दोराला हात घालतात, तसा हा प्रकार. ओढ जितकी जास्त तितकी पकड पक्की. सुटे दोर एकत्र येऊन जाड होतात आणि ताणाच्या दिशेने लागतात. ओढ थांबली की गडी पांगतात.

१९८० मध्ये अल्बर्ट हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिलिकॉन रबराच्या अतिशय पातळ पापुद्र्यावर पेशी सोडल्या, आणि पापुद्र्याला सुरकुत्या पडल्या. म्हणजे पेशी नुसता जोर सोसत नाही, आपणही ओढून पाहते. बाजारात आपण कापड ओढून त्याचा पोत पाहतो तशी. २००६ मध्ये अमेरिकेत अ‍ॅडम एंगलर आणि डेनिस डिशर यांच्या गटाने अस्थिमज्जेतल्या मूळ पेशी वेगवेगळ्या घट्टपणाच्या जेलीवर वाढवल्या. मेंदूइतक्या मऊ जेलीवर त्या चेतापेशींच्या वळणाने जाऊ लागल्या, स्नायूइतक्या घट्ट जेलीवर स्नायूंच्या, आणि त्याहून कडक जेलीवर हाडांच्या. वनस्पतींतही तेच. २००८ मध्ये रोपाच्या वाढत्या शेंड्यावर दिसून आले, की जिथे ताण सर्वांत जास्त त्या दिशेनेच सूक्ष्मनलिका लागतात आणि त्यावरून पेशीभिंतीची मजबुती ठरते.

याचा आपल्या रोजच्या आरोग्याशी फार जवळचा संबंध आहे. रक्तवाहिन्यांना आतून पेशींचे एकपदरी अस्तर असते. सरळ वाहिनीत रक्त एका दिशेने वाहते, तिथे या पेशी प्रवाहाला धरून लांबट होतात आणि आतले अ‍ॅक्टिनचे धागेही त्याच दिशेला लावतात. प्रयोगशाळेत काचेवर वाढवलेल्या अशा पेशींवरून द्रव वाहता ठेवला की दिवसभरात त्या वळलेल्या दिसतात. पण जिथे वाहिनीला फाटा फुटतो तिथे प्रवाह गोंधळतो, भोवरे होतात. तिथल्या पेशींना धड दिशा सापडत नाही, त्या गोलसर आणि विस्कळीत राहतात. आणि चरबीचे थर धरण्याची सुरुवात बहुधा याच फाट्यांवर होते. आहार, तंबाखू, रक्तदाब ही कारणे आहेतच. पण थर नेमका इथेच का आणि चार बोटे पलीकडे का नाही, याचे उत्तर बऱ्याच अंशी जोरात आहे.

आता मायरच्या टेबलावरच्या त्या कापलेल्या हाडाकडे पुन्हा पाहता येते. हाडाच्या घट्ट वस्तूत कोंडलेल्या अस्थिपेशी असतात. त्यांच्या बारीक फांद्या हाडातल्या सूक्ष्म बोगद्यांतून एकमेकींना भेटलेल्या असतात. आपण पाऊल टाकले की हाड किंचित, डोळ्यांना न दिसेल इतके वाकते; बोगद्यांतला द्रव हलतो; पेशींचा सांगाडा ओढला जातो, आणि तो निरोप हाड घालणाऱ्या आणि हाड पोखरणाऱ्या पेशींना जातो. जिथे भार तिथे घाला, जिथे भार नाही तिथून काढा. हाडातले ते गणित करणारा कोण, या थॉम्पसन यांच्या प्रश्नाला असे उत्तर मिळत गेले. उत्तर पुरते मिळाले असे म्हणता येणार नाही. निरोपाच्या काही टप्प्यांवर आजही वाद आहेत.

अंतराळात भार नाहीसा होतो तेव्हा काय होते, हे मात्र मोजलेले आहे. अंतराळ स्थानकावर महिनोन्‌महिने राहणाऱ्या माणसाच्या मांडीच्या हाडाची ती कमरेजवळची मान, कुलमान यांना क्रेन दिसली तीच जागा, व्यायाम पुरेसा नसेल तर महिन्याला साधारण एक ते दीड टक्का माल गमावते. म्हणून तिथे प्रत्येकाला रोज सुमारे दोन तास पट्ट्यांनी स्वतःला यंत्राशी जखडून घेऊन धावावे लागते, वजन नसलेल्या जागी वजन उचलावे लागते.